बर्फातलं गायरान

बर्फ पडायला लागला की इंग्लंडातल्या या बेसिंगस्टोकला स्वतःचा विसर पडतो. एरवी हे गाव म्हणजे गाड्यांना वळसा घालायला लावणारे राउंडअबाउट, काचेच्या इमारती आणि गळ्यात ओळखपत्रं घातलेली माणसं. आज सकाळी नऊच्या आतच आभाळ इतकं खाली आलं, की ऑफिसनं सगळ्यांना घरी सोडून दिलं. बघता बघता राउंडअबाउटवर गाड्या अडकल्या. लोकांनी त्या तिथंच सोडल्या आणि ते चालायला लागले. मीही चालले, भर रस्त्याच्या मधोमध. या रस्त्यावर पायी चालणाऱ्या माणसाला जागाच ठेवलेली नाही. आज तो सगळ्यांचा झाला होता. कुणी कुणाला हात देत होतं, एक बाई घसरली आणि बसल्या बसल्या हसत राहिली. मला फार बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याच्या तळातून दुसरा एक बर्फ हळूहळू वर आला.

तो दोन हजार सातच्या फेब्रुवारीतला. स्कॉटलंडच्या दक्षिणेला, गॅलोवेच्या सरकारी जंगलातला.

त्या बर्फाला आवाज नव्हता. म्हणजे होता, पण तो शांततेत मिसळलेला. स्प्रूसच्या झाडाच्या एखाद्या फांदीवर बर्फ साचत जातो, साचत जातो, आणि मग फांदीला कंटाळा आल्यासारखा एकदम खाली सुटतो. धप्प. मोकळी झालेली फांदी थोडा वेळ हलत राहते. मग दूर कुठंतरी दुसरी. आपण व्हॅनमध्ये रजईत बसलेलो असतो, हातात चहाचा कप असतो, आणि बाहेर कुणीतरी मोठ्या उशा एकेक करून खाली ठेवत असल्यासारखं वाटतं.

मी अंबडकडच्या एका गावात वाढले. आमच्याकडे ढेकळं होती, बाभळी होत्या, आणि गावाच्या वरच्या अंगाला गायरान होतं. गायरान म्हणजे गावाची जनावरं चारायची सरकारी जमीन. तिच्यातले तुकडे कसून काही घरं पिढ्यान्‌पिढ्या पोट भरत होती, पण सातबाऱ्यावर त्यांचं नाव नव्हतं. माझे बाबा शाळामास्तर, आणि शाळा सुटल्यावर त्या लोकांसाठी पत्रकं लिहिणारे. गुलाबी, पिवळा, पोपटी, जो कागद स्वस्त मिळेल तो. छापून आलेले गठ्ठे घरी उतरायचे आणि आम्ही घड्या घालायला बसायचो. शाईचा वास बोटांना दोन-दोन दिवस राहायचा. उरलेल्या पत्रकांत आई भाकरी बांधून द्यायची, त्यामुळे भाकरीच्या पाठीवर कधीकधी उलटी अक्षरं उमटायची. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. ‘मेहेरबानी नको, हक्क हवा’ हे मला ‘कमळ’, ‘बदक’च्या आधी वाचता येत होतं.

असं मूल मोठं होऊन सॉफ्टवेअरमध्ये गेलं, इंग्लंडला आलं, तरी ते काय शोधणार? मी गायरान शोधत होते. आणि इंग्लंडात जिकडे बघावं तिकडे कुंपण. डोंगरावर जा, तिथं दगडाची भिंत. नदीवर जा, तिथं पाटी: खासगी. तंबू ठोकायचा तर आधी बुकिंग, मग पावती, मग ठरवून दिलेला चौकोन. अशात कुणीतरी सांगितलं, की स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं कायदा केलाय. तिथं कुणीही कुठल्याही मोकळ्या जमिनीवरून चालू शकतं, तंबू ठोकून रात्र काढू शकतं. कुणाला विचारायचं नाही. फुकट. मी त्याचं माहितीपत्रक मागवलं आणि महिनाभर ते बॅगेत घालून फिरले. भेटेल त्याला दाखवायचे.

सगळ्यांत जास्त दाखवलं ते वैदेहीला.

वैदेही नागपूरची. नॉटिंगहॅमला एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर होती. महाराष्ट्र मंडळाच्या कोजागिरीला आमची ओळख झाली, आटवलेल्या दुधात साखर जास्त की कमी यावर आमचं भांडण झालं, आणि मैत्री पक्की झाली. ती इथं आली ती हुशार परदेशी लोकांसाठी काढलेल्या व्हिसावर. या, राहा, काम करा, काही वर्षांनी कायमचे व्हा, असं त्यात होतं. तिनं नागपूरची नोकरी सोडली, आईचं मन मोडलं, आली. आणि मध्येच नियम बदलले. जुन्या नियमांवर आलेल्या लोकांनाही नवे नियम लागू झाले. वैदेही नव्या मापात बसत नव्हती. तिचा मुदतवाढीचा अर्ज गेला होता, उत्तर येत नव्हतं. तिच्यासारखे शेकडो लोक एकत्र येऊन कोर्टात जायची तयारी करत होते. प्रश्न एवढाच होता, की वैदेही त्यात आपलं नाव देणार की गप्प राहून वाट बघणार.

मी अर्थातच ‘नाव दे’वाली. दर फोनवर.

“आणि नाव दिल्यामुळेच माझी फाइल बाजूला पडली तर?” ती म्हणायची.

“असं करता येत नाही त्यांना.”

“त्यांना काय करता येते ते मला तू सांगून राहिली? तुझं कामाचं परमिट कंपनीनं काढून दिलं आहे बाई, तुला कोण काढते? तू पत्रकं लिही.”

 मग मी पुन्हा जंगलाविषयी बोलायला लागायचे. कमीत कमी एक रात्र, वैदेही. या बेटावर एक रात्र अशी, की कुणाची परवानगी नाही. शेवटी ती म्हणाली, “चल. झोपू तुझ्या त्या हक्कावर.”

व्हॅन परबकाकांची. काकाही मंडळातलेच, कोकणातल्या कुडाळकडचे, चाळीसेक वर्षांपूर्वी नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये नोकरीला आले आणि तिथंच रिटायर झाले. पासपोर्ट इथला, जीभ कुडाळची. काकू मुलीकडे केंब्रिजला गेल्या की काका आपली जुनी निळी व्हॅन काढून जंगलात राहायला जात. व्हॅनचं छप्पर वर उचललं की वर दोघांची झोपायची सोय होई, खाली बाकाचा पलंग. त्यांनी एवढीच अट घातली, की जंगलात इंग्रजी बोलायचं नाही. “आठवडाभर बोलतंयच मी,” म्हणाले.

इंग्लंडच्या सीमेवरचं कार्लाइल मागं पडलं तेव्हा बर्फ भुरभुरत होता. जंगलात शिरलो तेव्हा तो पडत होता. गंमत अशी, की पावसात माणसाला घाई होते, बर्फात होत नाही. काका अगदी सावकाश चालवत होते. दोन्ही बाजूंना काळीशार झाडं, मध्ये पांढरी वाट, वायपर एका लयीत. बोलणं आपोआप कमी होत गेलं. एका वळणावर तळं दिसलं. ते गोठलं होतं आणि त्यावर बर्फ होता, त्यामुळे जमीन कुठं संपते ते कळत नव्हतं. तळ्याच्या वर लाकडं भरायला केलेली एक सपाट मोकळी जागा होती. काकांनी तिथं व्हॅन घेतली, उताराकडच्या चाकांखाली लाकडी पाचरी सारल्या, आणि इंजिन बंद केलं.

आपल्या कानांना शांतता ऐकू येते, हे मला त्या क्षणी कळलं.

काकांनी मागचं दार वर उचलून त्याच्या आडोशाला, बाहेर, गॅसची शेगडी मांडली. आत काही शिजवायचं नाही हा त्यांचा कडक नियम. बंद व्हॅनमध्ये ज्योत पेटवणाऱ्याला ते सरळ वेडा म्हणत. मी बर्फात उभी राहून पिठलं घाटत होते. पिठल्याची वाफ आणि माझा श्वास एकाच जागी जाऊन मिसळत होते. शेंगदाण्याची चटणी थंडीनं दगड झाली होती, ती चमच्यानं उकरावी लागली. वैदेही आत बसून, कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढून, माझं माहितीपत्रक वाचत होती. नुसतं चाळत नव्हती. गेलं वर्षभर ती सरकारी कागद जसे वाचत होती तसं, ओळीखाली बोट ठेवून.

“ए,” ती म्हणाली. “हे वाचलं का तू? खालचं, बारीक अक्षरातलं?”

“काय?”

“मोटारगाड्या वगळून.”

“म्हणजे?”

“म्हणजे पायी आली असती तर हक्क. तंबूत झोपली असती तर हक्क. या व्हॅनमध्ये काही हक्क नाही. रस्त्यावरून आत आलो तिथंच संपला तुझा कायदा.”

मी झारा हातात घेऊन तशीच उभी राहिले. महिनाभर मी ते पत्रक बॅगेत बाळगलं होतं, आणि वरचं ठळक वाक्य वाचून खालचं सोडून दिलं होतं. पत्रकांच्या घरातली मुलगी. ठळक अक्षरं ही माझी मातृभाषा, बारीक अक्षरं ही वैदेहीची झाली होती.

“काका, तुम्हाला माहीत होतं?”

“होय तर. सगळ्यांका म्हायती.” काका प्लेटा मांडत म्हणाले. “चालता. कोण काय म्हणत नाय.”

“पण मग आपण इथं कुणाच्या तरी मेहेरबानीवर आहोत.”

“पिठला करपता बघ.”

मी म्हटलं, परत जाऊया. खरंच म्हटलं. वैदेहीनं बर्फाकडे बोट दाखवलं. आम्ही आलो ते चाकांचे ठसे भरून गेले होते. आता उतरणं म्हणजे मूर्खपणा. काका उठले. एका ताटलीत थोडं पिठलं, भाताचा घास आणि विड्याचं पान घेतलं. पान त्यांनी लेस्टरच्या भारतीय दुकानातून आणून ठेवलं होतं. ताटली घेऊन ते मोकळ्या जागेच्या कडेला गेले, एका तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावरचा बर्फ हातानं सारला, ताटली ठेवली, आणि हात जोडले.

ज्यांनी कोकणातलं गाऱ्हाणं ऐकलं नाही त्यांना काय सांगू! कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो अशी समजूत. परक्या जागेत रात्र काढायची तर त्याला आधी सांगायचं. काकांचा आवाज एरवी घोगरा, पण त्या बर्फात तो असा मोकळा झाला, की मी बघतच राहिले.

“बा देवा, म्हाराजा! ह्या जाग्येच्या राखणदारा! आज तुझ्या पायाकडे तुझी लेकरां ऱ्हवूक इली हत. आमका हयसर काय एक हक्क नाय, म्हाराजा. तरी एक रात तू आमका सांबाळून घे. काय चुकलामाकला आसात तर पदरात घे, रे म्हाराजा!”

इथं राहायला आलोय, हक्क काही नाही, तरी एक रात्र सांभाळ, एवढं मागून ते थांबले. गाऱ्हाण्यात इथं बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. वैदेहीला ते काकांनी आधी कधीतरी शिकवलेलं असावं. ती व्हॅनमधून खाली उतरली, कानटोपी सावरली, आणि अस्सल नागपुरी गळ्यानं ओरडली, “व्हय म्हाराजा!”

मी झारा पातेल्यात फिरवत राहिले. आमच्या घरात देवाला हात जोडले नाहीत, तर झाडाच्या बुंध्याला जोडणार? आणि तेही परवानगीसाठी?

“आणि ही आमची वैदेही,” काका पुढं म्हणाले. “हिच्या व्हिसाच्या वाटेत कोण आडवो इलो आसात, तर तेका बाजूक कर, आणि हिका जंय ऱ्हवाचा आसात थंय ऱ्हवांदे, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” वैदेही म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही. 

हिला जिथं राहायचं असेल तिथं राहू दे. मी तेव्हा ते नुसतं ऐकलं.

मागं कुत्रा भुंकला. वळून बघतो तर वाटेवर जंगलखात्याचा माणूस उभा. केशरी जाकीट, दाढीत बर्फ, आणि टोपी काढून हातात धरलेली. प्रार्थना चालू आहे असं समजून बिचारा किती वेळ तसाच उभा होता कुणास ठाऊक. संपल्याची खात्री झाल्यावर त्यानं टोपी घातली. रात्री इथंच आहात ना, एवढंच विचारलं. मग म्हणाला, झाडांखालून थोडं पुढं घ्या, बर्फ टपावर पडेल. आणि फाटकासमोर गाडी नको. झालं. तो निघाला.

पण मला राहवेना. “एक मिनिट,” मी इंग्रजीत म्हटलं. “गाडी घेऊन इथं राहायची परवानगी आहे का?”

वैदेहीनं माझ्या पोटरीवर बुटाची लाथ मारली. ती मला जाड विजारीच्या आतपर्यंत लागली.

तो थांबला. माझ्याकडे, मग व्हॅनकडे, मग आभाळाकडे बघितलं. “काटेकोर बघायचं तर, नाही,” तो म्हणाला. “पण काटेकोर कोण बघतंय?”

“मी.”

तो हसला नाही, ही त्याची सभ्यता. “मग तुम्ही काटेकोर जागं राहा,” म्हणाला, “बाकीच्यांना झोपू द्या.” कुत्र्याला शीळ घातली आणि दोघं पांढऱ्यात विरघळून गेले.

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी भडकले होते. पिठलं खाताना मी बरंच काही बोलले. की आज हा माणूस चांगला निघाला, उद्या वाईट निघाला तर? की कुणाच्या चांगुलपणावर जगणं म्हणजे मान खाली घालून जगणं. गायरानातून लोकांना हुसकायला आलेला तलाठीसुद्धा आदल्या वर्षी चहा पिऊन गेला होता. वैदेहीनं सगळं ऐकून घेतलं. मग भाताची ताटली बाजूला ठेवून ती फार थकलेल्या आवाजात म्हणाली, “मला आज मेहेरबानी चालेल गं. एक रात्र. मला झोपू दे.”

 काकांनी खिडकी हवेसाठी बोटभर उघडी ठेवली. वैदेहीनं ती बंद केली. काकांनी पुन्हा उघडली. छपराच्या कापडावर बर्फ टेकत होता, अगदी हलक्या हातानं, जसं झोपलेल्या मुलाला कुणी थोपटतं. व्हॅनच्या आत एक निळसर उजेड होता. तो दिव्याचा नव्हता, बाहेरच्या पांढऱ्याचा होता. मला वाटत राहिलं, की आपण कुठल्याच देशात नाही. नकाशावर बर्फ पडलाय आणि रेघा बुजल्यात. अंबडचं गायरान आणि हे जंगल यांच्यामधला समुद्र गोठलाय, आणि कुणी चालत निघालं तर सकाळपर्यंत पोचेल.

काही ऋतू वर्षातून एकदा येतात. काही आयुष्यात एकदाच येतात आणि मग आपण त्यांच्यात अधूनमधून जाऊन येतो. तो एक रात्रीचा ऋतू मला असा लाभला. आता बेसिंगस्टोकच्या घराच्या खिडकीतून बाहेर बघताना मी अर्धी तिथंच आहे. समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या बुजून गेल्यात. कुणाची कुठली ते ओळखू येत नाही.

सकाळी जाग आली तेव्हा खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नेच्याची पानं उगवली होती. आमच्याच श्वासांची. आम्ही तिघं रात्रभर नकळत त्या काचेवर काहीतरी काढत बसलो होतो. वैदेही जाग्यावर नव्हती. बाहेर बघितलं तर तिच्या बुटांच्या ठशांची एकच रांग तळ्याकडे गेली होती, आणि तिला छेदून हरणाच्या नाजूक खुरांची दुसरी. ती काठावर उभी होती. मी गेले. आभाळ स्वच्छ होतं आणि उजेड इतका, की डोळे मिटून घ्यावेसे वाटत होते.

“मी झोपली,” ती म्हणाली. तिला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. “वर्षभरात पहिल्यांदा. मधे उठली नाही, पोस्ट आलं का म्हणून स्वप्न पडलं नाही.”

“मग बरंच झालं. मेहेरबानी गोड असते म्हणजे.”

टोमणा होता. तिनं तो घेतला नाही. ती बुटाच्या टोकानं बर्फ सारत होती, खालचा गोठलेल्या पाण्याचा काळा तुकडा दिसेपर्यंत.

“गोडच असते,” ती म्हणाली. “म्हणूनच भीती वाटून राहिली. तो दाढीवाला राहा म्हणाला आणि मला इतकं बरं वाटलं, की मी रडली असती. एका माणसाच्या राहा म्हणण्यानं एवढं? मी काय झाली बघ. रोज सकाळी कुणीतरी राहा म्हणेल म्हणून उठते मी. एका रात्रीला हे ठीक आहे. आयुष्य नाही काढता येत.”

दूर कुठंतरी फांदी सुटली. धप्प.

“मी नाव देते,” वैदेही म्हणाली. “आणि तू आता काही बोलू नको. भाषण केलं तर ढकलीन तळ्यात.”

मी काही बोलले नाही. आयुष्यात फार थोड्या वेळा मला हे जमलं आहे.

परत आल्यावर तिनं नाव दिलं. पुढं तिचा अर्ज नाकारला गेला. नाव दिलं म्हणून नाही, नव्या मापात बसली नाही म्हणून. ती नागपूरला गेली. विमानतळावर आम्ही दोघी भांडलो, सामानात मसाल्याचा डबा परत न्यायचा की नाही यावर. कोर्टाचं काम रेंगाळत राहिलं. आणि मग एके दिवशी निकाल लागला. जुन्या नियमांवर आलेल्यांना मध्येच नवी मापं लावता येणार नाहीत. जे गेले तेही परत येऊ शकतात. काकांनी मला फोन केला आणि बराच वेळ नुसते नाक शिंकरत राहिले. मी वैदेहीसाठी खोली पाहून ठेवली, नॉटिंगहॅमला, बागेकडे खिडकी असलेली.

ती आली नाही. आज उद्या करत आली नाही, आणि मला ते समजत नव्हतं. इतकी लढाई जिंकून मिळालेली गोष्ट कुणी अशी पडू देतं का? मी रागावले. महिनेच्या महिने मी त्या विषयावर तिच्याशी धड बोलले नव्हते.

आज मी घरी पोचून मोजे काढत होते, तेवढ्यात तिचा फोन आला. टीव्हीवर तिनं इंग्लंडचा बर्फ बघितला होता.

“घरी पोचली का नीट?”

“चालत आले. वैदेही, इतकं सुंदर आहे गं बाहेर. ये ना. आता तर तुला कुणी अडवू शकत नाही.”

“म्हणूनच नाही येऊन राहिली,” ती म्हणाली. मागं कुणीतरी गच्चीवर वाळवण झटकत होतं, कावळा ओरडत होता. “तिथून जा म्हणत होते ना, तेव्हा मला तिथंच राहायचं होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं. आता राहणं माझ्या मनावर आहे. तर मनाला विचारलं. ते म्हणते, इथं बरं आहे.”

“आणि उद्या मन बदललं तर?”

“तर येईन. कुणाला विचारायचं आहे?”

माझ्या घरात हक्क म्हणजे मुठीत घट्ट धरायची गोष्ट होती. सोडला की गेला. वैदेही नागपूरच्या उन्हात केस वाळवत बसली होती, तिच्यासाठी एका अख्ख्या देशाचं दार उघडं होतं, आणि तिला उठायची काही घाई नव्हती.